डॅशबोर्डमागची फुंकर

या विकांताचा विषय जरा चमत्कारिक आहे. गाडीतली ब्लोअर मोटर. हो, तीच... नॉब एकवर, दोनवर, तीनवर फिरवला की डॅशबोर्डच्या जाळ्यांतून हवा फेकणारी. आपल्याकडे तिला कोणी हीटरची मोटर म्हणत नाही, सगळे 'एसीचा ब्लोअर'च म्हणतात, कारण पुण्या-मुंबईत हीटर लावायची वेळ येते कधी? पण तिचा जन्म झाला हीटरसाठी. एसी नंतर तिच्या घरी राहायला आला. आजही बहुतेक गाड्यांत दोघांना मिळून एकच मोटर असते.

आता तुम्ही म्हणाल की एवढ्याशा मोटरचा कसला इतिहास लिहायचा? तर सांगतो. याच मोटरमुळे आणि तिच्या शेजारच्या एका छोट्या भागामुळे ब्रिटनमध्ये शेकडो गाड्या पेटल्या, आणि एका बड्या मोटार कंपनीला खासदारांच्या समितीसमोर उत्तरं द्यावी लागली. जळालेला भाग बदलला म्हणजे दुरुस्ती झाली, असं समजलं की काय होतं त्याचं हे प्रकरण म्हणजे धडधडीत उदाहरण. (आमच्या हापिसातसुद्धा हेच चालतं, पण ते पुढे.) मात्र ते प्रकरण समजायचं तर ही फुंकर मारणारी वस्तू डॅशबोर्डमागे आली कशी ते आधी बघायला लागेल. आणि त्यासाठी थेट चहाच्या मळ्यात जायचं आहे.

काछारचा चहा आणि बेलफास्टचा पंखा

ब्लोअर मोटर कधी बाहेर काढून पाहिली असेल तर आठवा, तिच्यावरचा पंखा आपल्या छताच्या पंख्यासारखा तीन पात्यांचा नसतो. एक पिंजऱ्यासारखा गोल ड्रम असतो आणि त्याच्या परिघावर बारीक बारीक, वाकवलेली भरपूर पाती. खारीला किंवा पांढऱ्या उंदराला पळायला देतात ना, त्या चक्रासारखा. हवा मधून आत येते आणि परिघावरून बाहेर फेकली जाते.

या प्रकारच्या पंख्याचं श्रेय जातं सॅम्युएल डेव्हिडसन नावाच्या माणसाला. जन्म १८४६, आयर्लंडमधल्या काउंटी डाउनचा. हा पोरगा १८६४ साली, म्हणजे अठराव्या वर्षी, आसामात काछारला चहाच्या मळ्यावर आला. तेव्हा चहाची पानं कोळशाच्या निखाऱ्यांवर सुकवायचे. काम वेळखाऊ, धूर आणि राख पानांत जाणार, आणि कधी पानं करपणार. डेव्हिडसनच्या डोक्यात आलं की आग आणि पान यांचा थेट संबंधच तोडायचा. हवा वेगळी तापवायची आणि फक्त ती गरम हवा पानांतून जाऊ द्यायची. त्याने चहा सुकवायची यंत्रं बनवली आणि त्यांना सहारातून येणाऱ्या गरम वाऱ्याचं नाव दिलं, सिरोको. पुढे मायदेशी परतून १८८१ मध्ये त्याने बेलफास्टला सिरोको वर्क्स हा कारखाना काढला.

या यंत्रांत हवा ढकलायला चांगला पंखा हवा होता. तोवरच्या केंद्रोत्सारी पंख्यांना थोडी आणि लांब पाती असत. डेव्हिडसनने उलटं केलं, पाती आखूड आणि अरुंद केली, संख्या भरपूर वाढवली आणि ती फिरण्याच्या दिशेने पुढे वाकवली. १८९८ च्या सुमाराची ही गोष्ट. लहान आकारात, कमी वेगात बरीच जास्त हवा मिळायला लागली. खाणींत, जहाजांत, कारखान्यांत हे पंखे गेले. आजही पुढे वाकवलेल्या पात्यांच्या पंख्याला अभियंते 'सिरोको फॅन' म्हणतात. तुमच्या गाडीतला पिंजरा त्याच कुळातला आहे.

गंमत बघा, आग एकीकडे, हवा दुसरीकडे आणि मधे पंखा, ही काछारच्या चहाची युक्ती पुढे गाडीच्या हीटरलाही लागू पडली. मात्र गाडीवाल्यांना तिथे पोचायला बरीच वर्षं लागली.

गरम विटांचा जमाना

सुरुवातीच्या गाड्या उघड्या होत्या. थंडीत फिरायचं तर अंगावर फरचा कोट, मांडीवर घोंगडी आणि पायाशी कापडात गुंडाळलेली गरम वीट, नाहीतर निखाऱ्यांची पेटी. टांग्यात जे चालायचं तेच गाडीत.

इथे एक प्रचलित समज दुरुस्त करतो. मार्गारेट विलकॉक्स या बाईंनी १८९३ मध्ये मोटारीचा हीटर शोधला, असं जालावर अनेक ठिकाणी वाचायला मिळतं. बाईंचं पेटंट खरं आहे, नावही 'कार हीटर' असंच आहे. फक्त तेव्हा अमेरिकेत 'कार' म्हणजे रेल्वेचा डबा! १८९३ साली अमेरिकेत मोटारगाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, त्यांच्यासाठी कोण हीटर काढतोय? बाईंचं श्रेय कमी होत नाही, पण ते रेल्वेच्या खात्यात जमा करायला हवं.

मोटारीत हीटरची खरी गरज निर्माण झाली ती बंद गाड्या आल्यावर. १९१९ च्या सुमारास अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दहातल्या नऊ गाड्या उघड्या होत्या. १९२२ मध्ये हडसन कंपनीने एसेक्स ही स्वस्त बंद गाडी आणली, मग इतरही मागे लागले, आणि दशक संपेपर्यंत प्रमाण बरोब्बर उलटं झालं. छप्पर आणि काचा आल्यावर लोकांना वाटलं की आता आत ऊबही पाहिजे.

ऊब होतीच, वाया जात होती. पेट्रोलच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जाच चाकांच्या कामी येते, बाकीची सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून निघून जाते. मग पहिली सोपी आयडिया अशी की सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपवरून हवा घ्यायची आणि जमिनीतल्या भोकातून आत सोडायची. स्वस्त आणि मस्त. पण पाइपला बारीकशी जरी चीर पडली तरी गरम हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइड आत. या वायूला ना रंग ना वास. झोप येते आणि माणूस उठतच नाही. स्ट्युअर्ट-वॉर्नर कंपनीचा 'साउथ विंड' हीटर तर चक्क थोडं पेट्रोल वेगळं जाळून ऊब द्यायचा.

यापेक्षा सभ्य उपाय म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी. ते तापलेलं असतंच. त्याचा एक फाटा डॅशबोर्डखाली आणायचा, तिथे एक छोटा रेडिएटर ठेवायचा, आणि त्याच्यामागे पंखा. आग इंजिनात, हवा केबिनमध्ये, मधे पाणी. आता या पंख्याला वीज हवी, आणि ती गाडीत होती कारण १९१२ मध्ये कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर आणला होता. चार्ल्स केटरिंगच्या त्या स्टार्टरने नुसता हँडल मारायचा त्रास वाचवला नाही. त्याच्यामुळे गाडीत दमदार बॅटरी आणि ती चार्ज करणारा जनरेटर कायमचे मुक्कामाला आले. एकदा वीज घरात आली की माणूस पंखा लावणारच!

नॅशने नाक कुठे ठेवलं

सुरुवातीचे पाण्याचे हीटर म्हणजे पायाशी लटकवलेला डबा आणि त्यात साधा पात्यांचा पंखा. आतलीच हवा परत परत फिरवायची. चार माणसं श्वास घेतायत, त्या वाफेने काचा धूसर. पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात एसी बंद ठेवून गाडी चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

१९३८ मध्ये अमेरिकेच्या नॅश कंपनीने हा प्रश्न मुळातून सोडवला. नील्स वालबर्ग हा तिथला मुख्य अभियंता. त्यांनी पुढच्या काचेच्या पायथ्याशी बाहेरून ताजी हवा आत घेतली, गाळली, गरम पाण्याच्या रेडिएटरवरून पंख्याने ढकलली आणि केबिनमध्ये सोडली. आत हवेचा दाब बाहेरपेक्षा किंचित जास्त राहायचा, त्यामुळे फटींतून थंड झोत आत येण्याऐवजी आतली हवा बाहेर जायची. दुसऱ्या वर्षी त्याला थर्मोस्टॅट जोडला आणि नाव दिलं 'वेदर आय'. १९५४ मध्ये नॅशने हीटर, ताजी हवा आणि एसी असं सगळं गाडीच्या पुढच्या भागात एकत्र बसवलं. त्याआधी, १९४० च्या मॉडेलमध्ये, पॅकार्डने एसी दिला होता खरा, पण त्याचा थंडावा मागच्या डिकीच्या बाजूने यायचा आणि कॉम्प्रेसर बंद करायचा तर इंजिनवरचा पट्टा काढायला लागायचा! नॅशची मांडणी मात्र इतकी सरळ होती की आजची तुमची-आमची गाडी साधारण तशीच आहे.

आणि इथेच साध्या पंख्याची जागा पिंजऱ्याने घेतली. उघड्यावर हवा हलवायला साधी पाती पुरतात. पण फिल्टर, रेडिएटर, वळणावळणाचे बोगदे आणि झडपा यांच्यातून हवा ढकलायची तर दाब लागतो, आणि तो डेव्हिडसनच्या जातीचा पंखा देतो.

नॅशच्या मांडणीतली एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. गाडीचं नाक काचेच्या पायथ्याशी आलं. पावसाचं पाणी कुठून ओघळतं? काचेवरून. झाडाची पानं कुठे साचतात? काचेच्या पायथ्याशी. म्हणजे मोटर अशा ठिकाणी बसली की वर पाण्याचा आणि पानांचा रस्ता. पाणी बाहेर काढायला नाल्या दिलेल्या असतात, पण त्या तुंबल्या की पाण्याला आत जायला वाट मिळते.

सगळ्यांनी नॅशचा रस्ता घेतला असंही नाही. फोल्क्सवागनच्या बीटलमध्ये पाण्याचा रेडिएटरच नव्हता, इंजिन हवेने थंड व्हायचं. मग तिथे इंजिनचाच पंखा एक्झॉस्टभोवतीच्या कवचातून हवा ढकलायचा आणि ती केबिनमध्ये यायची. वेगळी मोटर नाही, म्हणजे गाडी जोरात तर ऊब जोरात, सिग्नलला उभी तर बोंब. आणि ते कवच गंजलं की जुनाच कार्बन मोनॉक्साइडचा धोका.

तोवर हीटर हा सुखसोयीचा भाग होता, पैसे टाका आणि घ्या. १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत नियम आला की प्रत्येक मोटारीत पुढच्या काचेवरचं दव आणि बर्फ काढायची यंत्रणा असलीच पाहिजे. का? तर समोरचं दिसलं नाही तर माणूस मरतो. म्हणजे काचेवर फुंकर मारणारी मोटर आता ब्रेक आणि दिव्यांच्या पंगतीत जाऊन बसली. मात्र गॅरेजमध्ये तिची किंमत 'फॅन बिघडलाय' एवढीच राहिली.

चार वेग, एक मोटर

आता थोडी बारावीची फिजिक्स. घाबरू नका, ओहमच्या नियमापुढे जाणार नाही.

मोटर साधी डीसी, कार्बन ब्रशवाली. तिला पूर्ण बारा व्होल्ट दिले की ती पूर्ण वेगाने फिरते. वेग कमी करायचा तर जुना आणि स्वस्त मार्ग म्हणजे मधे रेझिस्टर टाकायचा. मेकॅनिक लोक त्याला 'रेझिस्टन्स' म्हणतात. वेग एक म्हणजे सगळा रेझिस्टन्स मधे, दोन म्हणजे थोडा कमी, तीन म्हणजे अजून कमी, आणि चार म्हणजे रेझिस्टन्सला पूर्ण वळसा घालून थेट मोटर. म्हणून फक्त चारवर ब्लोअर चालतो आणि एक-दोन-तीनवर ठार बंद, ही तक्रार ऐकली की अनुभवी माणूस गाडी न उघडताच सांगतो, 'रेझिस्टन्स गेला.' बहुतेक वेळा बरोबर असतं.

रेझिस्टर म्हणजे मुद्दाम ऊर्जा जाळणारा भाग, तो तापणारच. म्हणून त्याला ब्लोअरच्याच हवेच्या झोतात बसवतात. मोटर फिरते, हवा येते, रेझिस्टर थंड राहतो. झकास. पण समजा मोटर गंजली, बुश सुकला, किंवा पिंजऱ्यात कचरा अडकला आणि ती जड फिरायला लागली तर? फिरणारी मोटर स्वतः उलटा व्होल्टेज तयार करते आणि करंटला आवर घालते. मोटर अडली की तो आवर गेला, करंट वाढला. उदाहरणादाखल आकडे घेऊ. रेझिस्टर २ ओहम, मोटर नीट फिरताना करंट ३ अँपिअर, तर रेझिस्टरमध्ये जळतात १८ वॅट. मोटर अडली, तिचा स्वतःचा रोध अर्धा ओहम धरला आणि गाडीचे साडेतेरा व्होल्ट, तर करंट ५.४ अँपिअर, आणि रेझिस्टरमध्ये ५८ वॅट. तिप्पट उष्णता! आणि ज्या हवेने त्याला थंड ठेवायचं ती हवाच बंद, कारण पंखा अडलाय. संकट दोन्ही बाजूंनी येतं.

म्हणून रेझिस्टरवर एक थर्मल फ्यूज असतो. ठरावीक तापमानाच्या वर गेलं की तो तुटतो, आणि एक-दोन-तीन बंद पडतात. आपण म्हणतो 'रेझिस्टन्स गेला'. खरं तर त्या फ्यूजने नुकतीच गाडी वाचवलेली असते.

माझ्या सेकंडहँड हॅचबॅकचंच सांगतो. घेतल्यावर काही महिन्यांतच ब्लोअर फक्त चारवर चालायला लागला. एका गॅरेजने रेझिस्टन्स बदलला, पैसे घेतले, हसतमुखाने निरोप दिला. पाच महिन्यांत पुन्हा तेच. पुन्हा नवा रेझिस्टन्स, पुन्हा तेच उत्तर, 'साहेब, हल्ली पार्टच असे येतात.' तिसऱ्यांदा मात्र मी नाक्यावरच्या जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडे गेलो. त्यांनी रेझिस्टन्सला हातही लावला नाही. ग्लोव्हबॉक्सखाली आडवे झाले, तीन स्क्रू काढून मोटर बाहेर काढली आणि बोटाने पिंजरा फिरवला. अर्धा फेरा करून थांबला. आत गुलमोहराची बारीक पानं ओल्या भुश्शासारखी चिकटलेली आणि बुशला गंज.

"रेझिस्टन्स कितीही बदल रे बाबा," काका म्हणाले, "मारणारा इथे बसलाय."

मोटर बदलली. पुढे तो प्रश्न परत आला नाही.

आता ब्रिटनमधलं प्रकरण सांगतो, म्हणजे काकांच्या त्या वाक्याची किंमत कळेल.

झाफिरा

व्हॉक्सहॉल ही ब्रिटनमधली जुनी कंपनी, तेव्हा जनरल मोटर्सच्या मालकीची. तिची झाफिरा बी ही सात सीटची कौटुंबिक गाडी २००५ पासून बाजारात होती. आईवडील, पोरं, आजी-आजोबा, सगळ्यांना घेऊन जाणारी. २०१५ पर्यंत या गाड्यांना आगी लागल्याच्या इतक्या तक्रारी जमल्या की मालक एकत्र येऊन जाब विचारायला लागले. डॅशबोर्डच्या डाव्या बाजूने, ग्लोव्हबॉक्सच्या मागून धूर यायचा आणि काही मिनिटांत गाडीचा सांगाडा उरायचा. मागच्या सीटवरून पोरांना ओढून बाहेर काढल्याच्या हकिगती वर्तमानपत्रांत आल्या.

एक गोष्ट चटकन लक्षात आली. आगी लागत होत्या त्या एसी नसलेल्या किंवा साध्या, हाताने चालवायच्या एसीच्या गाड्यांना. इलेक्ट्रॉनिक क्लायमेट कंट्रोलवाल्या गाड्या या यादीत नव्हत्या. आता वरचं फिजिक्स आठवा. साध्या यंत्रणेत ब्लोअरचा वेग रेझिस्टरने ठरतो. म्हणजे बोट कुठे दाखवायचं ते स्पष्ट होतं.

कंपनीचं निदान आलं की रेझिस्टरवरच्या थर्मल फ्यूजची कुणीतरी अनधिकृत, चुकीची दुरुस्ती केली आहे, म्हणून तो वेळेवर तुटत नाही. वर्षाच्या अखेरीस गाड्या परत बोलावल्या, आकडा सव्वादोन लाखांच्या आसपास. रेझिस्टर तपासायचा, गरज असेल तर बदलायचा.

तांत्रिकदृष्ट्या हे निदान खोटं म्हणता येत नाही. तुटलेला थर्मल फ्यूज पुन्हा जोडून टाकला तर तो धोकादायक होणारच. पण एक साधा प्रश्न राहतो. मुळात इतक्या गाड्यांचे फ्यूज तुटले का? कुणी दुरुस्ती केली असेल तर ती फ्यूज तुटल्यावरच ना? त्याला तोडण्याइतकं तापवत कोण होतं?

उत्तर यायला फार वेळ लागला नाही. आधीची दुरुस्ती झालेल्या गाड्याही पेटायला लागल्या. मे २०१६ मध्ये कंपनीने दुसऱ्यांदा गाड्या बोलावल्या, आणि या वेळी नजर मोटरकडे गेली. पाणी शिरून मोटर गंजते, जड होते, अडते, आणि पुढचं सगळं रामायण त्यातून घडतं. रेझिस्टरबरोबर मोटरही बदलायचं ठरलं आणि पाणी आत जाऊ नये म्हणून उपाय केला. नॅशने १९३८ मध्ये गाडीचं नाक कुठे ठेवलं होतं ते आठवलं का?

दुरुस्ती होईपर्यंत मालकांना दिलेली सूचना तर फारच बोलकी होती. ब्लोअर एकतर बंद ठेवा, नाहीतर चारवर चालवा. एक, दोन, तीन वापरू नका. सामान्य माणसाला हे विचित्र वाटलं असणार, की जोरात चालवायला सांगतायत आणि हळू चालवायला मनाई? तुम्हाला मात्र आता कळलं असेल. चारवर रेझिस्टर मधे येतच नाही.

जुलै २०१६ मध्ये कंपनीचे अधिकारी हाउस ऑफ कॉमन्सच्या वाहतूक समितीसमोर बसले. एप्रिल २०१७ मध्ये समितीचा अहवाल आला. सखोल तपास सुरू करायला कंपनीने फार उशीर केला आणि अनधिकृत दुरुस्तीवर खापर फोडायची फार घाई केली, असा त्याचा सूर होता. दुरुस्त केलेल्या गाड्याही पेटतायत हे कळल्यावर लोकांना त्या चालवू दिल्या, ही सुरक्षिततेबाबतची बेफिकिरी होती, असे कडक शब्द त्यात होते. तोवर पेटलेल्या गाड्यांची संख्या तीनशेच्या वर गेली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जनरल मोटर्सने व्हॉक्सहॉल फ्रेंच पीएसए समूहाला विकली (त्या सौद्याची कारणं वेगळी आणि बरीच मोठी होती), आणि २०२१ पासून ती स्टेलांटिसमध्ये आहे.

मला या प्रकरणात सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट कोणती वाटते सांगू? त्यात कुणी खलनायक लागतच नाही. पहिलं निदान एका खऱ्या पुराव्यावर उभं होतं. फक्त ते जिथे थांबलं ती जागा सोयीची होती. 'बाहेरच्या कुणीतरी चुकीची दुरुस्ती केली' इथे थांबलं की स्वतःच्या डिझाइनमध्ये डोकावायची गरज राहत नाही. आमच्या धंद्यात प्रॉडक्शनला सर्व्हर पडला की पहिला मेल असाच असतो. 'युजरने चुकीचा डेटा टाकला.' टाकला असेलही. पण तुझा प्रोग्रॅम त्याने कोसळला का, ते सांग ना भाऊ! आणि त्याहून वाईट म्हणजे एरर दिसू नये म्हणून तो गुपचूप गिळून टाकणारा कोड लिहिणारे महाभाग. तो कोड आणि जोडून टाकलेला थर्मल फ्यूज, दोन्ही एकाच जातीचे. संदेश आणणाऱ्याचं तोंड बंद करायचं.

तर मग बघायचं काय?

इतकं वाचलंत, तर थोडं कामाचंही घेऊन जा. ब्लोअर बिघडला तर गॅरेजला जायच्या आधी एवढं बघा.

एकही वेग चालत नसेल तर आधी फ्यूज आणि रिले, मग मोटरच्या सॉकेटवर बारा व्होल्ट आणि अर्थिंग येतंय का ते. व्होल्टेज येतंय आणि मोटर गप्प आहे, पण तिच्या बुडाला हलकी टपली मारली की सुरू होते? ब्रश झिजलेत. थोडे दिवस चालेल, मग साथ सोडेल.

फक्त सगळ्यात वरचा वेग चालत असेल तर रेझिस्टर. पण तो बदलण्याआधी मोटर काढा, हाताने फिरवा. मोकळी, निःशब्द फिरली पाहिजे. जमलं तर नवा रेझिस्टर टाकल्यावर मोटर किती करंट ओढते ते मोजा. सॉकेट वितळलेलं किंवा तपकिरी पडलेलं दिसलं तर तेही बदला, नाहीतर नवा भाग त्याच जुन्या आगीत. थर्मल फ्यूजला वायर जोडून 'तात्पुरतं' काम कुणी करून देत असेल तर हात जोडून नको म्हणा.

केबिन फिल्टर वेळच्या वेळी बदला. तो तुंबला की हवा कमी, आणि हवा कमी म्हणजे रेझिस्टर जास्त तापणार. काचेच्या पायथ्याची जाळी पावसाळ्याआधी साफ करा. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनी तर नक्कीच.

मोटर बदलणं बऱ्याच गाड्यांत सोपं असतं. बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा, ग्लोव्हबॉक्सखालचे दोन-तीन स्क्रू आणि एक सॉकेट. पिंजऱ्यावर बारीक क्लिपा दिसल्या तर काढू नका, त्या तोल साधायला असतात. आणि नवीन मोटर टाकल्यावर हवा येते पण जीव नाही, असं वाटलं तर वायरी उलट्या लागल्यात का बघा. या जातीचा पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेला फेकतो, फक्त बरीच कमी. त्यामुळे चूक पटकन लक्षात येत नाही.

आणि जळका वास किंवा डॅशबोर्डमागून धूर आला तर निदान-बिदान काही नाही. गाडी बाजूला, इंजिन बंद, सगळे बाहेर आणि लांब. गाडीचा विमा असतो.

बाकी काय, रेझिस्टन्स चारएकशे रुपयांचा मिळतो, मोटर काही हजारांची. त्यामुळे 'रेझिस्टन्स टाकून बघू' हे ऐकायला नेहमीच गोड लागतं. एकदा टाकून बघायला माझी हरकत नाही. पण तोच भाग दुसऱ्यांदा जळला, तर तिसरा विकत घ्यायच्या आधी मेकॅनिकला एवढंच विचारा, "दादा, याला जाळतंय कोण?"